रूथची चार पानं

माझं सगळं नोकरीचं आयुष्य दुसऱ्यांच्या उत्तरांवर लाल पेन फिरवण्यात गेलं. शाळेत नव्हे. रायपूरच्या एका जुन्या चर्चच्या आवारात, पत्र्याच्या छपराखाली, टपालाने बायबल शिकवणारं एक छोटं कार्यालय आहे. तिथे मी पेपर तपासायचे. नातेवाइकांना हे काम कधीच नीट कळलं नाही. माझ्या धाकट्या जावेचा अजूनही समज आहे की मी टपाल खात्यात होते आणि पेन्शन लपवून ठेवते.

काम सांगायला सोपं. ज्याला बायबल समजून घ्यायचं आहे त्याला आम्ही एक पातळ पुस्तिका पाठवायचो. तिच्यात एक धडा आणि शेवटी दहा प्रश्न. तो उत्तरं लिहून पाठवायचा. मी ती तपासायचे, समासात चार ओळी लिहायचे आणि पुढच्या धड्याबरोबर परत पाठवायचे. आमच्या विद्यार्थ्यांत भनपुरीचे ट्रकड्रायव्हर असत, नर्सा असत, निवृत्त हेडमास्तर असत. बहुतेक पेपर हिंदीत यायचे. विदर्भातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आलेल्या आमच्यासारख्या घरांतून थोडे मराठीत यायचे, ते माझ्या टेबलावर. आता निम्मे पेपर मोबाइलवर फोटो काढून येतात, त्यातही अंगठा मधोमध असतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण मराठी पेपर तपासायला दुसरं कोणी नाही म्हणून ते अजून माझ्याच घरी येतात. मी कुरकुर करते आणि पोस्टमन दिसला नाही तर दारात जाऊन उभी राहते.

आमचे प्रमुख मसीह साहेब जन्माने इथलेच, छत्तीसगढी. पहिल्या दिवशी त्यांनी मला लाल पेन दिलं आणि म्हणाले, "सिस्टर, पहले देखो कौन बोल रहा है. फिर देखो किससे बोल रहा है. फिर आगे-पीछे का पढ़ो. उसके बाद मुँह खोलना." मला वाटलं, एवढंच? एवढंच शिकायला मला तीस वर्षं लागली, आणि तरीही एका प्रसंगी मी नापास झाले. तो प्रसंग सांगायलाच हा लेख लिहायला घेतला आहे, पण तपासणारीला स्वतःचे मार्क सांगायला जरा धीर गोळा करावा लागतो.

लोक बायबल कसं वाचतात याचा मला आलेला अनुभव असा, की वचन आवडलं की ते कापून घ्यायचं. समता कॉलनीत दोन दातांचे डॉक्टर होते, एकमेकांचे साडू. दोघांनी मिळून दवाखाना काढला आणि वेटिंगरूमच्या भिंतीवर लावायला एक वचन सुंदर अक्षरात लिहून घेतलं. अर्थ असा की आपण एकमेकांच्या नजरेआड असू तेव्हा देव तुझ्यामाझ्यावर लक्ष ठेवो. दोघे आमचे विद्यार्थी, म्हणून मला उद्घाटनाला बोलावलं. मी फ्रेम पाहिली आणि हातातला पेढा परत ताटात ठेवला. हे वाक्य उत्पत्तीच्या पुस्तकात लाबान नावाचा सासरा याकोब नावाच्या जावयाला म्हणतो. वीस वर्षं दोघांनी एकमेकांना फसवलेलं असतं. जावई बायकामुलं, गुरंढोरं घेऊन न सांगता पळालेला असतो आणि सासऱ्याने पाठलाग करून त्याला गाठलेलं असतं. मग दोघे मिळून दगडांची रास रचतात, की तू ही ओलांडून इकडे यायचं नाही, मी तिकडे येणार नाही, आणि वर देवाने नजर ठेवावी, कारण आपला एकमेकांवर काडीचा विश्वास नाही. आता हे मी पेढ्याच्या कार्यक्रमात कसं सांगणार? पण जिभेला हाड नाही, सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोठा म्हणाला, "दीदी, तब तो बिल्कुल सही लगाया है." ती फ्रेम अजून तिथेच आहे आणि दवाखानाही छान चालतो.

दुसरा एक विद्यार्थी पोस्टातला कारकून. स्तोत्रांच्या पुस्तकात डोंगर एडक्यांसारखे उड्या मारतात असं एक गाणं आहे. त्याने मला तीन पत्रं लिहिली, की हा भूकंप कोणत्या साली झाला ते कळवावं. मी समासात लिहिलं, "भाऊ, हे गाणं आहे. तुमच्या लग्नात बायकांनी तुम्हाला चंद्र म्हटलं असेल, तेव्हा कोणी दुर्बीण आणली होती का?" त्याचं उत्तर आलं की त्याच्या लग्नात त्याला कोणी चंद्र म्हटलं नव्हतं. माणूस दुखावला होता. पुढच्या धड्याबरोबर मी माफीची चिठ्ठी पाठवली, पण त्याने भूकंपाचा विषय पुन्हा काढला नाही.

कधीकधी विद्यार्थीच मला शिकवून जायचे. भनपुरीचा एक ड्रायव्हर होता, जातीने राऊत, म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखण्याचं काम. हरवलेल्या मेंढराचा दृष्टान्त त्याच्या धड्यात होता. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडतो आणि एकाला शोधायला जातो, ती गोष्ट. आमच्या पुस्तिकेत उत्तर छापलेलं होतं की प्रेम हिशोब पाहत नाही. या गड्याने लिहिलं, "मॅडमजी, कोई राउत अकेला नहीं जाता. बाकी को साथी के पास छोड़ा होगा. सुनने वाले जानते थे, इसलिए नहीं बोला." मी पेन खाली ठेवलं. ज्यांनी ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली ते सगळे मेंढपाळांच्या शेजारीच राहणारे. मी खुर्चीवर बसून वाचणारी, मला तो मेंढपाळ वेडा वाटत होता. मी त्याला दहापैकी अकरा दिले. मसीह साहेबांनी ते खोडून दहा केले, पण त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

आता आमच्या लोकांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. घरोघरी संध्याकाळी उपासना असते. दहाबारा माणसं सतरंजीवर गोल बसतात आणि अध्याय पाळीने वाचतात, प्रत्येकाने एक वचन. ऐकायला छान, पण खरं काय होतं ते मी सांगते, कारण मीही तेच करत आले आहे. माणूस आधी मोजतो, सहावी मी, म्हणजे सहावं वचन माझं. मग सहाव्यावर बोट ठेवून तो मनातल्या मनात त्याचीच तालीम करत बसतो, त्यात एखादं अवघड नाव असलं तर विचारूच नका. आधीची पाच तो ऐकत नाही. आपलं वाचून झालं की सुटलो म्हणून पुढची सहाही ऐकत नाही. अध्याय संपतो, सगळे आमेन म्हणतात, आणि गोष्ट काय होती ते सतरंजीलाच माहीत.

आमच्या गल्लीत शालिनीबाई राहतात. सरकारी दवाखान्यात आया होत्या. नवरा लवकर गेला, मुलगा अजय एकुलता एक. अजयचं लग्न गोंदियाच्या रोशनीशी झालं आणि चार वर्षांनी काविळीने तो गेला. मूलबाळ नव्हतं. त्याच्या शोकसभेत पाद्रीसाहेब हिंदीत बोलले आणि मला म्हणाले, सिस्टर, दोन शब्द मराठीत बोला. मी उठले आणि रूथची गोष्ट सांगितली. नामी नावाची म्हातारी परदेशात नवरा आणि दोन्ही मुलगे गमावते आणि आपल्या गावी परत निघते. तिच्या दोन विधवा सुनांपैकी रूथ तिला बिलगते आणि म्हणते की तू जाशील तिथे मी येईन, मरणच आपल्याला वेगळं करील. मी रोशनीकडे हात केला आणि म्हणाले, "ही आमची रूथ." चर्चमधल्या बायका पदर डोळ्याला लावून रडल्या. मलाही वाटलं, बोलले बाई मी छान. शालिनीबाईंनी ते वचन लिहून घेऊन अजयच्या फोटोखाली लावलं.

तीन वर्षं गेली. रोशनीला नवा रायपूरच्या एका कार्यालयात कॉम्प्युटरची नोकरी लागली. सकाळी आठला ती बस पकडायची. एक बस चुकली तर दुसरी केव्हा येईल ते देवालाच ठाऊक, त्यामुळे ती रस्त्यात कधी बोलत थांबायची नाही. मला वाटायचं, पोरगी सावरली. आणि एक दिवस आमच्या कार्यालयातून आलेल्या मराठी पेपरांच्या गठ्ठ्यात तिचा पेपर निघाला. रोशनीने आमच्या अभ्यासक्रमात नाव घातलं होतं आणि मला बोलली नव्हती.

धडा रूथचाच होता. प्रश्न मीच कधीकाळी तयार केलेला, रूथच्या निर्णयावरून आपण काय शिकतो? रोशनीने लिहिलं होतं, "सुनेने सासूला कधी सोडू नये. हे मला साळवे आंटीने अजयच्या सभेत सांगितलं होतं." त्याखाली एक ओळ सोडून बारीक अक्षरात होतं, "आंटी, माझ्या ऑफिसातले एक जण लग्नाचं विचारतात. चांगले आहेत. मी दोनदा नाही म्हटलं. आई त्या फोटोखाली बसून जेवतात, मी तोंड कसं उघडू? तुमच्याशी समोर बोलता आलं नसतं म्हणून इथे लिहिते. हे उत्तर बरोबर असेल तर दहा द्या, मी तिसऱ्यांदा नाही म्हणून टाकीन."

मी पेन हातात घेऊन बसले ते यांनी दोनदा जेवायला हाक मारली तरी उठले नाही. एका मुलीचं उभं आयुष्य माझ्या दहा मार्कांवर अडकलं होतं, आणि ते अडकवलं होतं मीच.

मी रूथचं पुस्तक काढलं. अवघे चार अध्याय, माझ्या बायबलात चार पानं. शोकसभेत मी जे सांगितलं ते पहिल्या अध्यायातलं अर्धं होतं. बाकीची साडेतीन पानं मी शंभरदा वाचलेली, धडा मीच लिहिलेला, पण बोलायला उभी राहिले तेव्हा लोकांना रडवणारं वाक्य कापून घेतलं. त्या डॉक्टरांना मी हसले होते, ते तरी पेढे वाटत होते. कौन बोल रहा है? रूथ बोलते, स्वतःच्या मर्जीने. तिला कोणी सभेत बोट दाखवून बोलायला लावलेलं नाही. आगे-पीछे क्या लिखा है? आधी सासूच तिला एकदा नाही, पुन्हा पुन्हा म्हणते की माहेरी जा, तुला दुसरं घर मिळो. आणि पुढे तर तिसऱ्या अध्यायात ती म्हातारीच हिच्यासाठी स्थळ शोधायला बसते.

माझ्या लाल पेनाने मी माझंच वाक्य खोडलं. पण नुसता पेपर परत पाठवून भागणार नव्हतं. रोशनीला कळलं असतं, शालिनीबाईंचं काय? त्यांच्या घरी जाऊन आता मी दुसरं भाषण द्यायचं, म्हणजे पुन्हा मीच बोलणार. दोन दिवस मी घरात भांडी आपटली. यांनी विचारलं, "काहून चिडून राहिली?" मी म्हटलं, मी चिडले नाही, मी नापास झाले आहे. ते वर्तमानपत्र वाचायला निघून गेले.

रविवारी दुपारी मी शालिनीबाईंकडे गेले. रोशनी चहा ठेवत होती, मला पाहून तिचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "शालिनीबाई, आज आपण तिघी वाचू. पाळीने नाही. नामी जे बोलते ते तुम्ही वाचायचं, रूथ बोलते ते रोशनी वाचेल, बाकी सगळं मी."

"नाटक करून राहिल्या का साळवेबाई?" त्या म्हणाल्या. पण चष्मा काढला, पुसला आणि लावला.

आम्ही सुरू केलं. तिघांची मरणं मी वाचली, तेव्हा त्यांनी फोटोकडे पाहिलं. मग त्यांचं वाक्य आलं. दोघी सुनांना नामी म्हणते की आपापल्या आईच्या घरी परत जा, आणि देव करो, तुम्हाला नव्या नवऱ्याच्या घरी विसावा मिळो. शालिनीबाईंनी पहिला भाग वाचला आणि दुसऱ्या भागाशी थांबल्या. बोट त्या ओळीवर तसंच.

"हे मले म्हणायचं आहे?"

"नामी म्हणते आहे," मी म्हटलं.

त्यांनी ते वाचलं, पण आवाज बारीक झाला. मग आली रूथची ती सगळ्यांना पाठ असलेली ओळ. रोशनीने ती पुस्तकात न बघता म्हटली. तीन वर्षं भिंतीवर बघत होती ना. मला शरमेने वर बघवेना.

दुसऱ्या अध्यायात रूथ शेतात सरवा वेचायला जाते, म्हणजे कापणीत पडलेली कणसं. संध्याकाळी घरी आली की नामी विचारते, आज कुठे होतीस, तुझ्याकडे ज्याने लक्ष दिलं त्याचं भलं होवो. शालिनीबाई हे वाचता वाचता मध्येच रोशनीला म्हणाल्या, "मी तुले असं कधी विचारलंच नाही." रोशनी म्हणाली, "आई, आप थक जाते हो." मी पुढचं वचन वाचायला घेतलं. मला फार बोलावंसं वाटत होतं.

तिसऱ्या अध्यायाचं पहिलंच वाक्य नामीचं. मुली, तुझं भलं व्हावं म्हणून तुला हक्काचं घर बघून देणं माझं काम नाही का, अशा अर्थाचं. शालिनीबाईंनी ते आधी मनात वाचलं. पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. चहावर साय धरली. मग त्यांनी पुस्तक पुन्हा उचललं आणि ते वाक्य रोशनीकडे बघत वाचलं, पुस्तकाकडे नाही. रोशनीचा बांध फुटला. तिने त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं आणि ऑफिसातलं सगळं हिंदीत सांगून टाकलं. माणसाचं नाव सुनील, हिशेब विभागात आहे, दुर्गचा, बायको जाऊन पाच वर्षं झाली, मूल नाही, बोलायला हळू आहे.

शालिनीबाई तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या, पण बोलल्या माझ्याशी, आणि कडक. "साळवेबाई, तुम्ही सभेत उभं राहून हिले रूथ बनवलं, मी पण मानलं. आज येऊन म्हणता नामी बना. हे बरं आहे तुमचं. अन् मी एकटी पडीन त्याचं काय? त्या म्हातारीचं काय झालं ते सांगा."

तो प्रश्न खरा होता आणि त्याला समासात लिहायची चार ओळींची जागा पुरली नसती. मी म्हटलं, "चूक माझी आहे शालिनीबाई. मी अर्धी गोष्ट सांगितली आणि तुम्हा दोघींना तीन वर्षं तिच्यात कोंडून ठेवलं. गोष्टीचा शेवट राहिला आहे. पण तो करार नाही. नामीचं झालं तसं तुमचं होईलच असं मी सांगणार नाही, तसं पुस्तकही सांगत नाही. तिचं काय झालं तेवढं वाचू."

तिसरा अध्याय संपवून आम्ही चौथ्यावर आलो. तिथे नामीला वाचायला काहीच नाही. ती सबंध अध्यायात एक शब्द बोलत नाही. रूथचं लग्न होतं, मुलगा होतो, आणि म्हातारी ते पोर उचलून मांडीवर घेते. शेजारणी म्हणतात, नामीला मुलगा झाला, आणि तुझी ही सून तुला सात मुलांपेक्षा जास्त आहे. मी वाचत होते. आपली ओळ कुठे येते ते शोधत शालिनीबाई पानावर बोट फिरवत शेवटपर्यंत गेल्या आणि मग त्यांना कळलं की आता त्यांना फक्त ऐकायचं आहे. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

वाचून झाल्यावर त्या उठल्या, थंड झालेला चहा मोरीत ओतला आणि नवा ठेवला. स्वयंपाकघरातूनच विचारलं, "पोट्टी, तो दुर्गवाला मासे खाते का?"

"हव," रोशनी म्हणाली.

"मग पुढच्या रविवारी बोलाव. अन् साळवेबाई, लगन झालं तर तुम्ही यायचं, जेवायचं, पण एक शब्द बोलायचा नाही."

त्या रात्री मी रोशनीच्या पेपरवर शून्य दिलं, तिच्या उत्तराला नाही, माझ्या, आणि तसं लिहिलंही. मसीह साहेब आता थकले आहेत, घरीच असतात. त्यांना फोन करून सगळं सांगितलं. ते खूप वेळ हसले आणि म्हणाले, "सिस्टर, अब आप पास हो गईं."

लग्न फेब्रुवारीत झालं. पाद्रीसाहेबांनी परंपरेप्रमाणे विचारलं की या मुलीला कोण देतो. गोंदियाहून तिचे वडील आले होते, ते पुढे होणार एवढ्यात शालिनीबाई उभ्या राहिल्या. जरीची साडी, पायात नव्या चपला, चालताना आवाज करणाऱ्या. "आम्ही दोघं देतो," त्या म्हणाल्या, आणि व्याह्यांचा हात धरून पुढे गेल्या. पाद्रीसाहेब क्षणभर गोंधळले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी मराठीत दोन शब्द बोलीन या आशेने.

मी हातातलं गीतांचं पुस्तक उघडलं आणि त्यात डोकं घातलं.